मोजणी होईपर्यंत

"माय, ते खापर खाली ठेव!" मी ओरडलो.

सोनायमायने काही ते खाली ठेवलं नाही. चुलीतले निखारे फुटक्या खापरात घेऊन ती घरातून निघाली होती आणि अंगणापुढच्या कॉफीच्या खोडांच्या ढिगाकडे सरळ चालली होती. मी मोटारसायकल तशीच आडवी टाकून धावलो आणि तिच्या हातातून खापर हिसकावलं. बोटं चांगलीच भाजली. निखारे चिखलात पडून चर्र झाले.

"वेड लागलं का तुला?" मी म्हणालो. साठीच्या बाईला, तिच्याच दारात, अख्ख्या गावासमोर. वय माझं पंचवीस. आज हे सांगताना लाज वाटते. तेव्हा छाती फुगली होती, कारण तेव्हा मला वाटलं की मी हिचं भलं करतोय.

गाव जामनपाटी. चिखलदऱ्याच्या पठारावर, अगदी कड्याच्या अलीकडे. कोरकूंची चाळीसेक घरं, त्यांच्या रीतीप्रमाणे दोन रांगांत समोरासमोर, मधे रुंद मोकळी वाट. घरांच्या मागे उतारावर जांभळा-हिरड्याच्या सावलीत ज्याची त्याची कॉफी. कोणाची दोनशे झाडं, कोणाची चारशे. विदर्भात कॉफी म्हटलं की आमचे दर्यापूरचे लोक हसतात, पण तिथे होते, आणि चांगली होते. मी तिथला विस्तार सहायक, गुल्हाने. काम काय, तर वर जे शिकवलं ते खाली सांगायचं आणि खाली जे झालं ते वर कळवायचं.

कॉफी येण्याआधी हे गाव दिवाळी झाली की रिकामं व्हायचं. लेकराबाळांसकट सगळे परतवाड्याकडे वीटभट्ट्यांवर जायचे आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परत यायचे. सोनाय कास्देकरचा नवरा भट्टीवरच गेला, भिंत अंगावर पडून. त्या वर्षी ती परत आली आणि एकटीने घरामागे कॉफीची पहिली तीनशे झाडं लावली. जगली. मग शेजारणीने लावली, मग साऱ्या गावाने. पाच वर्षांत भट्टीवर जाणं बंद झालं. तिची लेक फुलय बाळंतपणाला आली ती जावयासकट इथेच राहिली. गावाचा वडीलधारा, ज्याला ते आडा पटेल म्हणतात, तो मन्साराम बेठेकर. बैठक त्याच्या अंगणात बसायची. पण बोलून झालं की सगळ्यांची नजर जायची सोनायकडे. ती काय करते ते पाहून गाव ठरवायचं.

तिने काही ठरवण्याआधी तिला पटवायचं, हे मी पहिल्या वर्षातच शिकलो होतो. मोठा हुशार समजत होतो स्वतःला.

त्या साली पोळा झाला आणि बागांत खोडकिडा दिसला. याची गंमत अशी, म्हणजे गंमत कसली, की किडा दिसत नाहीच. भुंगा सालीच्या फटीत अंडी घालतो, अळी आत शिरते आणि आतल्या आत खोड पोखरत राहते. वरून झाड हिरवंगार. फक्त खोडावर एखादी शीर फुगल्यासारखा उंचवटा दिसतो. पाहणाऱ्याला कळला तर कळला.

मी समाजमंदिरात सगळ्यांना गोळा केलं. मोठं रंगीत चित्र भिंतीला टांगलं. काळसर भुंगा, अंगावर पांढरे पट्टे. हातात छडी घेऊन मी सांगितलं, "पाऊस संपून ऑक्टोबरचं ऊन पडलं की हा खोडातून बाहेर येतो आणि उडतो. त्याच्या आत किडकं झाड हुडकायचं, मुळासकट उपटायचं आणि त्याच दिवशी जाळायचं. त्याच दिवशी! झाड मेलं म्हणून आतली अळी मरत नाही. वाळक्या लाकडातूनसुद्धा भुंगा निघतो."

सोनायमाय पहिल्या रांगेत बसली होती. तिने विचारलं, "जायलं तं खरंच मरते?"

"जाळलं तर मरते. नाहीतर आठ-दहा दिवस पाण्यात बुडवून ठेवलं तरी मरते. तसं ठेवलं तर नाही."

"बरं," ती म्हणाली. दुसऱ्याच दिवशी तिने आपल्या बागेतली एक्केचाळीस झाडं हेरली. प्रत्येकाच्या खोडावरून हात फिरवून. उपटताना ती रडली, आणि तिला पाहून गावानेही उपटायला घेतली. आठवड्याभरात अकराशे झाडं निघाली; पाऊस उघडला की जाळायची होती.

आणि नेमकं तेव्हाच वरून पत्र आलं. जितकी किडकी झाडं उपटाल तितकी नवी रोपं फुकट. पण उपटलेली खोडं तपासणी अधिकाऱ्याने प्रत्यक्ष मोजली पाहिजेत. आदल्या वर्षी दुसऱ्या भागात कुणीतरी कागदावरच झाडं उपटली होती, त्याची ही शिक्षा. तपासणी पंधरा सप्टेंबरला. म्हणजे दहा दिवसांवर.

मी हिशेब केला. ऊन पडायला अजून महिना आहे, दहा दिवसांनी काय बिघडतं? गावाला अकराशे रोपं मिळतील. मी मन्सारामच्या अंगणात जाऊन सांगितलं, "जाळू नका. आपापल्या दारापुढे रचून ठेवा. मोजणी झाली की जाळू."

सोनायमाय ते ऐकायला नव्हती. ती बागेत होती. संध्याकाळी तिला कळलं, तिने ऐकून घेतलं, रात्र काढली आणि सकाळी निखारे घेऊन निघाली. तिथून तर मी सुरुवात केली.

निखारे विझल्यावर ती माझ्याकडे पाहत उभी राहिली. चिडली असती तर बरं झालं असतं.

"बाबू, तूच तं सांगतलं, त्याच दिवशी जायाचं म्हनून."

"सांगितलं होतं. पण आता वरून हुकूम आला. दहा दिवसांचा तर प्रश्न आहे."

"त्या किड्याले मालूम हाय का, दहा दिवस थांबाचं म्हनून?"

दोन-चार बायका हसल्या. मला राग आला. "माय, मी शिकलोय हे. पाऊस आहे तोवर तो बाहेर येत नाही. तू आज जाळलंस तर तुझी एक्केचाळीस रोपं गेली. आणि तुझं पाहून सगळे जाळतील. सगळ्यांचं नुकसान तुझ्या डोक्यावर घेतेस का?"

हे मात्र तिला लागलं. तिने दोन्ही रांगांतल्या घरांकडे पाहिलं. मन्साराम मधे पडला, "सोनाय, साहेब शिकेल मानूस हाय. आपल्याच भल्याचं सांगून ऱ्हायला. ऱ्हाऊ दे."

"ऱ्हाऊ देतो बापा," ती म्हणाली आणि रिकामं खापर उचलून आत गेली.

पंधरा सप्टेंबरला कुणी आलं नाही. साहेबांची बैठक होती. मग बावीस तारीख ठरली. त्या दिवशी घाटात दरड पडली. मग म्हणे दसऱ्याआधी नक्की. प्रत्येक वेळी मी गावात जाऊन नवी तारीख सांगायचो आणि गाव मान डोलवायचं. एकाने विचारलं, "पाण्यानं खोडं सडून गेले तं मोजतीन कसे?" मी म्हटलं, खरं आहे, काळजी घ्या.

आणि घेतली ना काळजी! पुढच्या खेपेला गेलो तर प्रत्येक दारापुढचा ढीग झाकलेला. सागाची पानं, पळसाची पानं, प्लास्टिकचे तुकडे. ज्यांच्याकडे काही नव्हतं त्यांनी स्वतःची इरली ढिगावर घातली होती आणि स्वतः पावसात भिजत बागेत जात होते. ढिगाखाली दगड ठेवून खोडं ओलीपासून वर उचलली होती. आत हात घालून पाहिलं तर कोरडं, उबदार. चाळीस घरांपुढे चाळीस ढीग, आणि प्रत्येक घरामागे बाग.

मी मन्सारामची पाठ थोपटली. "शाब्बास पटेल, असं गाव पाहिजे!" देवाशपथ, असंच म्हणालो मी. पाण्यात भिजली असती तर निदान काही अळ्या मेल्या असत्या, हे मी स्वतःच शिकवलं होतं आणि मला आठवलंसुद्धा नाही.

दसरा झाला. मग एका दुपारी पठारावरचं धुकं उठलं ते उठलंच. निळं आभाळ, कडक ऊन. बाया वाळवणं घेऊन बाहेर आल्या, म्हातारे भिंतीला पाठ लावून शेकत बसले. एरवी त्या उन्हाची कोण आनंदाने वाट पाहायचो आम्ही. मी मोटारसायकलवरून उतरलो तर पाठीवर ऊन लागलं आणि नजर आधी ढिगांकडे गेली.

सोनायमाय आपल्या ढिगापाशी उकिडवी बसली होती. तिने मला हाताने बोलावलं.

"बस. कान लाव इथं."

"कशाला?"

"लाव तं."

मी एका जाड खोडाला कान लावला. आधी काहीच नाही. मग आतून अगदी बारीक आवाज आला. कुर्र. थांबला. पुन्हा कुर्र. मग बाजूच्या खोडातून. मी श्वास धरून ऐकत राहिलो आणि मला वाटलं, सगळा ढीगच हळूहळू दात चालवतोय.

"काय व्हय ते?" तिने विचारलं.

तिला ठाऊक होतं काय आहे ते. मला माझ्या तोंडून ऐकायला विचारत होती. मी उठून पँट झटकली. "लाकूड वाळतंय माय. उन्हाने तडकतं, त्याचा आवाज."

"तू म्हनतं तं तसंच असन," ती म्हणाली.

मी तसाच चिखलदऱ्याला गेलो, बूथवरून कार्यालयात फोन लावला. आमचे पाटणकरसाहेब फोनवर आले. मी म्हटलं, "सर, ऊन पडलंय. खोडं जाळून टाकू का?"

"खोडं अजून जाळली नाहीत?" असं ते विचारतील म्हणून मी घाबरलो होतो. पण त्यांचं लक्ष कुठे होतं देव जाणे. ते म्हणाले, "मोजणीआधी काही हलवू नका. हलवलंत तर रोपं विसरा. मंगळवारी मी स्वतः येतोय."

तो दिवस गुरुवार होता. मधे पाच दिवस. हातात काडेपेटी घेऊन मी एकट्याने चाळीस ढीग पेटवले असते तर कोण आडवं येणार होतं? गाव तर वाटच पाहत होतं. पण मग रोपं गेली असती, आणि का गेली हे वर सांगावं लागलं असतं, आणि महिनाभर ढीग का ठेवले हेही. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. मी खोलीवर गेलो, ताप आल्याचं घरमालकाला सांगितलं आणि पाच दिवस अंथरुणात पडून राहिलो. खिडकीतून रोज लख्ख ऊन आत येत होतं. जामनपाटीला गेलोच नाही.

मंगळवारी साहेबांची जीप आली. मी पुढच्या सीटवर. गाव दोन रांगांत दारोदारी उभं. कोणी ढिगांवरची पानं आधीच काढून ठेवली होती, मोजायला सोपं जावं म्हणून.

पाटणकरसाहेब पहिल्याच ढिगापाशी थांबले. त्यांनी एक खोड उचललं, हातात तोललं, आणि त्यांचा चेहरा बदलला. खोड हलकं होतं. त्यांनी ते फिरवलं. सालीवर ज्वारीच्या दाण्याएवढी गोल भोकं, जागोजागी. दुसरं उचललं, तिसरं उचललं. गुडघ्यावर एक मोडलं, तर आतून एक मागे राहिलेला भुंगा बाहेर आला, पांढऱ्या पट्ट्यांचा, चित्रातल्यासारखा. साहेबांनी तो बुटाखाली चिरडला.

"हे कधी उपटलं?"

"सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, सर," मी म्हणालो.

"आणि आजपर्यंत घरासमोर? उन्हात? अरे, बागा मागे आहेत की नाही यांच्या?" ते वळून गावाकडे पाहून ओरडले, "सगळे उडाले! काय मोजू आता मी? ही नुसती घरटी आहेत, पाखरं तुमच्या बागेत जाऊन बसली! हे जाळू नका म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला?"

'हलवू नका' असं मला फोनवर स्वतःच सांगितलेलं त्यांना आठवलंही नाही. मन्सारामने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. 'मी सांगितलं' एवढे दोनच शब्द बोलायचे होते.

सोनायमाय पुढे आली. "कोनं नाई सांगतलं साहेब. आमीच ठेवलं. सरपनासाठी."

"सरपणासाठी?"

"हो. या बाबूनं तं फोटू दाखवून सांगतलं होतं, त्याच दिवशी जाया म्हनून. आमी आयकलं नाई. जंगलात लाकडं आनाले लांब जा लागते."

साहेबांनी कपाळावर हात मारला. "गुल्हाने, लिहून घ्या."

मी वही काढली. ते सांगत गेले आणि मी माझ्या हाताने लिहीत गेलो: वारंवार सूचना देऊनही शेतकऱ्यांनी अज्ञानापोटी बाधित खोडं सरपणासाठी साठवली, त्यामुळे किडीचा प्रसार झाला, सबब नियमानुसार रोपं देता येत नाहीत. 'अज्ञानापोटी' हा शब्दही नीट अक्षरात लिहिला. खाली मी सही केली. मन्सारामने अंगठा दिला.

जीप निघताना मी म्हणालो, मला इथे काम आहे, मी मागून येतो. धूळ खाली बसल्यावर सोनायच्या घरामागे गेलो. ती बागेत होती, एका झाडाच्या खोडावरून वरपासून खालपर्यंत हात फिरवत. फळं टपोरी, लाल होऊ लागलेली. कुठे काही बिघडलंय असं दिसत नव्हतं, आणि वर्षभर दिसणारही नव्हतं.

"काऊन खोटं बोलली माय?" माझ्या तोंडून दर्यापूरचीच भाषा आली. "रोपं गेली ना सगळ्यांची! खरं सांगितलं असतं तर माझं जे व्हायचं ते झालं असतं."

"तुले काढलं असतं."

"काढलं असतं तर काढलं असतं!"

"मंग?" तिने हात न थांबवता विचारलं. "दुसरा आला असता. तुह्यासारखाच, फोटू घेऊन. त्यानं बी पयलेपासून शिकलं असतं. तुले शिकवाले आमचे इतके बगीचे गेले बाबू. त्याले शिकवाले आता कोनाचा बगीचा हाय?"

तिच्यासमोर रडायची माझी लायकी नव्हती.

"पुन्हा कवा उडते तो?" तिने विचारलं.

"एप्रिलात. एप्रिल, मे."

"तवा तू इथं पाह्यजे. वरून देव जरी आला ना, तरी जाया म्हनाले तू इथं पाह्यजे. आता तू नाई भुलनार. रोपं आमी लावून घेऊ कसेबी, बिया पाडून."

"राहतो माय," मी म्हणालो. "शब्द देतो."

खरंच राहायचं होतं मला. नोव्हेंबरभर गेलोही. पण गावात शिरलो की लोक पूर्वीसारखेच खाट टाकायचे, काळी कॉफी द्यायचे, कुणी एका शब्दाने बोलायचं नाही, आणि मला ते सोसेना. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी राहिलो असतो, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. जानेवारीत बदलीचा अर्ज दिला. कारण लिहिलं, हवामान मानवत नाही. मार्चमध्ये बदली झाली, दूर, संत्र्याच्या पट्ट्यात. सोनायमायला सांगायला गेलो नाही.

पुढे बढत्या मिळाल्या. प्रशिक्षणं घ्यायला लागलो. जामनपाटीचं उदाहरण आमच्या खात्याच्या एका पुस्तिकेत छापलंय, शेतकरी सल्ला का मानत नाहीत या प्रकरणात. मजकूर माझाच, शब्द न् शब्द.

अकरा वर्षांनी परतवाड्याच्या बसस्थानकावर मन्साराम भेटला. मी ओळखलं नाही, त्यानेच ओळखलं. खांद्यावर बोचकं होतं, अंगावर विटांची लाल धूळ. दोन्ही हातांनी माझा हात धरला.

"बाग?" मी विचारलं.

"कायची बाग साहेब. दोन सालांत सारं सुकलं." जणू माझंच सांत्वन करायचं होतं, अशा आवाजात तो म्हणाला, "तुमी गेले ना, तवा नवा साहेब आला होता. लय चांगलं पोरगं. एप्रिलात आमाले म्हने, किडकी झाडं उपटा आन् दारापुढं रचून ठेवा, मोजाची हायत."

मी विचारलं, "मग?"

"मंग काय. रचली."

"सोनायमाय काही म्हणाली नाही?"

"ते कुठं होती गावात? तुमची बदली झाली म्हनून कयलं अन् तिनं लेकीले घेतलं, भट्टीवर निघून गेली. म्हने, आता इथं राहून काय करू."

त्याची बस लागली. चढता चढता तो पायरीवर थांबला, मागचे लोक ढकलत होते तरी वळला, आणि अगदी मनापासून विचारलं, "तुमचं तं बरं हाय ना साहेब?"

"बरं आहे," मी म्हणालो.